साडेतीन किलो वेताळ

पुण्याच्या माणसाचा फोन दुपारी एक ते चार या वेळात कधीही येत नाही, असा माझा वीस वर्षांच्या बँकेतल्या नोकरीचा अनुभव आहे. त्यामुळे एका रविवारी सव्वादोनला, बांगड्याचं तिखलं आणि भात पोटात जाऊन माझा डोळा लागत असताना फोन वाजला आणि पलीकडचा आवाज "पुण्याहून बोलतोय" असं म्हणाला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. हा साधा पुणेकर नव्हे. याला कसलं तरी व्यसन आहे.

"तुमच्याकडे इंद्रजाल कॉमिक्स आहेत असं समजलं."

"होते," मी म्हणालो.

"मराठी?"

"मराठी."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग अगदी हळू, आजारी माणसाची चौकशी करावी तशा आवाजात, "किती होते?"

"साडेतीन किलो."

यावर त्या गृहस्थांनी जो सुस्कारा सोडला तसा मी पूर्वी एकदाच ऐकला होता. वारसाचं नाव न लावता गेलेल्या एका काकांच्या मुदत ठेवीसाठी कोणकोणते कागद लागतील, हे मी त्यांच्या पुतण्याला वाचून दाखवलं होतं, तेव्हा.

मग चौकशी सुरू झाली. मुलगी बघायला आलेली मंडळीदेखील इतकं विचारत नाहीत. कव्हर शाबूत होतं का? पिना गंजल्या होत्या का? मधला जोडकागद होता का? मागच्या कव्हरावर कुणी शाईने नाव घातलं होतं का? शब्दकोडं सोडवलं होतं का? पेनाने की पेन्सिलीने? मी प्रामाणिकपणे सांगितलं, की सगळ्या अंकांवर माझ्या थोरल्या भावाचं नाव, इयत्ता, तुकडी आणि 'हा अंक चोरणाऱ्यास वेताळाची शपथ' असा मजकूर होता. गृहस्थ कळवळले. "अहो, नाव घातलं की किंमत निम्मी होते!" म्हणाले. आमच्या दादाला हे कळलं असतं तर त्याने पुढेमागे स्वतःच्या लग्नपत्रिकेवरसुद्धा नाव घालू दिलं नसतं.

मी बी.कॉम. झालेला माणूस आहे. किंमत हा शब्द ऐकला की माझी झोप उडते. "किंमत म्हणजे कितीशी?" मी विचारलं. त्यांनी एक आकडा सांगितला. तो एका अंकाचा होता. मी मनातल्या मनात साडेतीन किलोचे अंक केले (पन्नास ग्रॅमला एक धरा, सत्तर झाले), गुणाकार केला आणि शेजारी झोपलेल्या हिला उठवावं की नाही याचा विचार करू लागलो. उठवलं नाही, ते का, ते पुढे येईल.

आता ज्यांचं बालपण नको तितकं सुसंस्कृत गेलं त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक निघाला मार्च १९६४ मध्ये. काढणारे टाइम्स ऑफ इंडियावाले. किंमत साठ पैसे. त्यात ली फॉक या अमेरिकन लेखकाच्या फँटमची, त्याच्या बापाच्या चोरीला गेलेल्या कमरपट्ट्याची गोष्ट होती. सुरुवातीला महिन्याला एक, मग पंधरवड्याला एक आणि १९८१ पासून दर आठवड्याला एक असे हे अंक निघत राहिले. इंग्रजीत निघत, हिंदीत निघत, बंगालीत निघत आणि मराठीतही निघत. १९९० साली बंद पडले. एकूण अंक निघाले ८०३.

हिशोबी वाचकाने इथं थांबावं, कारण शेवटचा क्रमांक होतो ८०५. दोन कुठे गेले? क्रमांक १२३ आणि १२४ हे अंक छापलेच गेले नाहीत. टाइम्समध्ये संप होता. संप मिटल्यावर कुणीतरी इमानदारीने त्या दोन क्रमांकांच्या जागा तशाच सोडल्या आणि १२५ पासून पुढे सुरू केलं. आमच्या बँकेत व्हाउचरचे दोन नंबर असे गाळले असते तर ऑडिटरने माझी पेन्शन अडवून ठेवली असती.

पुण्याच्या गृहस्थांनी सांगितलं, की त्यांना दर सहा महिन्यांनी कुणीतरी फोन करून १२३ नंबर देऊ करतो. एकाने तर "थोडं वाळवीने खाल्लंय, पण आहे" असंही सांगितलं. न छापलेल्या अंकाला वाळवी लागणं हा चमत्कार मँड्रेकलाही जमला नसता. तरी गृहस्थ दर वेळी चौकशी करतातच. "काय सांगावं," म्हणाले. संग्राहक म्हणजे काय, हे मला त्या दोन शब्दांत कळलं.

अमर चित्र कथेचीही अशीच एक गंमत आहे. अनंत पैंनी १९६७ साली जी इंग्रजी मालिका सुरू केली तिचा 'कृष्ण' हा पहिला अंक. चित्रं राम वाईरकरांची. पण त्यावरचा क्रमांक ११. आधीचे दहा म्हणजे परदेशी परीकथा, आणि त्याही कानडीत निघालेल्या. म्हणजे एखादा भाबडा माणूस इंग्रजी १ ते १० शोधायला निघाला, तर तो हिमगौरीला कानडीत भेटून परत येईल. पण एवढं सोडलं तर अमर चित्र कथा दुर्मिळ म्हणावी अशी नाही. का नाही, हाच माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा मुद्दा आहे.

अमर चित्र कथा वडील स्वतः आणून देत. त्यात शिवाजी होता, सावित्री होती, शाळेच्या बक्षीससमारंभात ती लाल फीत बांधून मिळे. घरी पाहुणे आले तर ती टेबलावर राही. जुनी फाटली तर नवी छापून येई, अजून येते. वेताळ मात्र गादीखाली राही. बीजगणिताच्या पुस्तकाच्या पोटात राही. त्याला कधी कुणी बक्षीस म्हणून दिल्याचं मी ऐकलेलं नाही. उलट 'पहिला आलास तर वाचू देईन' अशा अटीवरच तो मिळे. हक्क परदेशी कंपनीचे, तेव्हा मालिका बंद पडली ती पडलीच. ज्याला घरात मान होता ते पुन्हा पुन्हा छापलं गेलं म्हणून टिकलं, आणि ज्याला मान नव्हता ते आज शोधून सापडत नाही. पुण्याचे गृहस्थ ज्याला दुर्मिळता म्हणतात ती माझ्या मते आपल्या सर्वांच्या आई-वडिलांनी मिळून केलेली कामगिरी आहे.

हे नुसतं आपल्याकडेच घडलं असं नाही. जगातलं सर्वांत प्रसिद्ध महागडं कॉमिक म्हणजे 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, जून १९३८ चा. त्यात सुपरमॅन पहिल्यांदा अवतरला. किंमत दहा सेंट. छापल्या होत्या दोन लाखांच्या आसपास प्रती. आज शंभरेक शिल्लक असतील असं जाणकार मानतात. बाकीच्या कुठे गेल्या? पोरांनी वाचून फाडल्या, आयांनी फेकल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात सरकारने रद्दी मागितली तेव्हा देशभक्त अमेरिकन मुलांनी गाड्या भरभरून सुपरमॅन युद्धाला पाठवला. उरलेसुरले १९५४ साली फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या तडाख्यात सापडले. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात, असं त्याने जाडजूड पुस्तक लिहून सिद्ध केलं. आमची आजी तेच पुस्तक न लिहिता, नुसत्या नजरेने सिद्ध करत असे.

त्या शंभरांतली एक बरी प्रत २०२४ साली साठ लाख डॉलरला विकली गेली. मी माझ्या सवयीने हिशोब केला. दहा सेंट १९३८ साली सात टक्के चक्रवाढ व्याजाने बँकेत ठेवले असते तर २०२४ साली चौतीस डॉलरच्या आसपास झाले असते. साठ पैसे १९६४ साली ठेवले असते तर २०२४ साली पस्तीसएक रुपये. मी आयुष्यभर काउंटरवर बसून लोकांना मुदत ठेवीचे फायदे समजावून सांगत आलो आहे. हा हिशोब मी शाखेत कुणाला दाखवलेला नाही.

आणखी एक बातमी आहे, ती वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात १९३९ सालच्या 'सुपरमॅन'च्या पहिल्या अंकाची एक प्रत एक्क्याण्णव लाख डॉलरला गेली. कॅलिफोर्नियातल्या तिघा भावांची आई वारली. घर आवरताना पोटमाळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांखाली खोक्यात ती सापडली. आईने जपून ठेवली होती. वाचकहो, आईने! माझ्या झोपेचं कारण रक्कम नव्हे, हा शब्द आहे.

पण रत्नागिरीत परत येऊ. कॉमिक दुर्मिळ कसं करावं याचा अभ्यास करायचा असेल तर रत्नागिरीइतकी सोयीची जागा नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जून ते सप्टेंबर आमच्याकडे चपला, पासबुकं, पापड आणि नवविवाहित जावई, सगळ्यांवर सारखीच बुरशी येते. खाऱ्या हवेने पिना गंजतात. गंज कागद खातो आणि मधला जोडकागद अलगद सुटून शेजारच्यांकडे जातो. जोडकागद म्हणजे चार पानं, आणि गोष्टीतली मुख्य मारामारी नेमकी त्या चार पानांत असते. मी लहानपणी वाचलेल्या निम्म्या गोष्टींत वेताळ गुहेत शिरतो आणि पुढच्या पानावर बदमाश बांधलेले असतात. मला वाटे, ही लेखकाची शैली आहे.

वाळवी आहे, कसर आहे, पण त्यांना दोष देऊ नये. त्यांनी ज्ञानेश्वरी आणि वेताळ असा भेदभाव कधी केला नाही. भेदभाव माणसांनी केला. आमच्या गावात १८२८ सालापासूनचं नगर वाचनालय आहे. एवढं जुनं वाचनालय महाराष्ट्रात फारसं कुठे सापडायचं नाही. कादंबरीला तिथं क्रमांक मिळतो, पुठ्ठ्याची बांधणी मिळते. वेताळ घेऊन तिथं द्यायला जावं, हे आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातसुद्धा आलं नाही. वेताळाचं वाचनालय म्हणजे नाक्यावरचं सायकलचं दुकान. रोजी दहा पैसे भाडं. तो दुकानदार तीन-तीन अंक एकत्र घेऊन दाभणाने सुतळी ओवून शिवायचा आणि वर खाकी कागद चिकटवायचा. बी. गोविंद यांच्यासारख्या चित्रकाराने रंगवलेली ती झोकदार कव्हरं त्या खाकी कागदाखाली कायमची गाडली गेली. दाभणाच्या बाजूचा एक इंच मजकूर शिवणीत जाई. त्यामुळे माझ्या पिढीला वेताळाच्या प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द माहीत नाही.

आणि मराठी अंकांचं नशीब आणखी खडतर. इंग्रजी इंद्रजाल पाहिलं की वडील म्हणत, "असू दे, इंग्रजी सुधारेल." तो जपून राही. मराठी सुधारावं असं कुणालाच वाटत नव्हतं. साहजिकच रद्दीच्या गाठोड्यात आधी मराठी जाई. आज संग्राहक मराठी अंकांसाठी तळमळतात ते पाहून मातृभाषेचं भाग्य उजळल्यासारखं वाटतं. फक्त उजळायला ती आधी रद्दीत जावी लागली.

बरं, हे अंक वाचण्यासारखे होते का? संग्राहक हा प्रश्न विचारत नाहीत. परदेशात तर कॉमिकला दहापैकी गुण देऊन प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करतात; पेटी उघडली की गुण रद्द. वाचायचं नाही हीच उत्तम वाचकाची खूण. मी मात्र हल्ली जिथं मिळेल तिथून इंद्रजालचे अंक मागून आणून वाचले, आणि माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. कोरा करकरीत अंक हा बहुधा कंटाळवाणा असतो. ज्याच्यावर चहाचे डाग आहेत, कोपरे दुमडलेत, पाठीला भात लावून डिंकाचं काम केलंय, तो उत्तम. समीक्षकांनी साहित्याचे निकष शोधण्यात इतकी वर्षं घालवली. भाताचा निकष कुणाला सुचला नाही.

याला अपवाद एकच, रिप कर्बी. चष्मेवाला, पाइप ओढणारा, घरी डेस्मंड नावाचा बटलर बाळगणारा डिटेक्टिव्ह. लहानपणी आम्ही तो हातात धरत नसू. ठोसा मारण्याआधी विचार करणारा नायक काय कामाचा? म्हणून त्याचे अंक आज बरे सापडतात. आता पंचेचाळिसाव्या वर्षी, स्वतः चष्मा लावून पाहिलं तर त्यातली रेखाटनं बघून मी थक्क झालो. अलेक्स रेमंडने १९४६ साली तो सुरू केला, १९५६ साली रेमंड मोटार अपघातात गेला आणि जॉन प्रेंटिसने पुढे चालवला. खोलीत दोन माणसं बोलताहेत, एवढ्याशा चित्रात दिव्याची सावली कुठे पडेल हे या लोकांनी पाहिलेलं आहे. याउलट ज्या पहिल्या अंकासाठी सगळे जीव टाकतात त्यातली पट्ट्याची गोष्ट विल्सन मॅकॉयच्या हातची. मॅकॉयची माणसं शाळेच्या गॅदरिंगमध्ये पहिल्यांदाच रंगमंचावर आल्यासारखी हात शरीरापासून लांब धरून उभी असतात. गोष्ट चांगली आहे, बापाच्या खुन्याचा शोध आहे, पण आपल्या डोळ्यांसमोर जो वेताळ उभा राहतो तो १९६१ नंतर साय बॅरीने काढलेला. म्हणजे सर्वांत महाग अंक तो सर्वांत चांगला नव्हे. हे मी पुण्याला फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "चांगला कोण म्हणतंय?"

वेताळाबद्दल एक तक्रार मोठेपणी जाणवते, ती नोंदवून ठेवतो. चारशे वर्षं एकच गोरं घराणं जंगलात कवटीच्या सिंहासनावर बसतं आणि आजूबाजूची काळी माणसं तो अमर आहे असं समजून खाली बसतात. बाप गेला की मुलगा तोच पोशाख घालून कामावर हजर. आमच्याकडे याला अनुकंपा तत्त्वावर नेमणूक म्हणतात, पण तीही एकवीस पिढ्या मिळत नाही. बायको संयुक्त राष्ट्रसंघात नोकरीला, नवरा गुहेत. इंग्रज जाऊन सतरा वर्षं झालेल्या देशात आपण हे साठ पैसे देऊन घेतलं आणि कुणाला काही खटकलं नाही. संपादकांना थोडं खटकलं असावं. त्यांनी फँटमच्या बंगाला देशाचं डेंकाली करून टाकलं, बंगाल्यांचे गैरसमज नकोत म्हणून. आबिद सुरतींचा बहादूर १९७६ साली आला तेव्हा कुठे आपला माणूस दिसला. भगवा कुडता, खाली जीन, बाप डाकू आणि स्वतः डाकूंच्या विरोधात. बहादूर मला आज जास्त पटतो. पण दहाव्या वर्षी मी बहादूर वाचत असे ते वेताळ दुसऱ्याकडे असेल तरच.

का, याचं उत्तर आमच्या आजीपाशी होतं असं आता वाटतं. ज्याने कुणी फँटमला वेताळ हे नाव दिलं त्याला कोकणात आपण काय करून ठेवलंय याची कल्पना नसावी. आरवलीचा वेतोबा आमच्या आजीच्या माहेरचा देव. आरवली तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होती. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा झाला तेव्हा देवही बदलून गेला. हा वेतोबा रात्री गावाभोवती फिरून राखण करतो. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला केळीच्या घडाबरोबर हातभर लांबीच्या चामडी वहाणा वाहतात. फँटमलाही मूळ इंग्रजीत चालणारं भूत असंच म्हणतात. आजीने एकदा दादाच्या हातातला अंक घेऊन उलटसुलट पाहिला, "हा कोण?" म्हणून विचारलं. "वेताळ," दादा म्हणाला. तिने अंक कपाळाला लावून परत दिला. "ह्याच्या पायांत बूट कसे?" एवढंच विचारलं. तेव्हापासून आमच्या घरात बाकी सगळी कॉमिक्स वाईट, पण वेताळाला पाय लावायचा नाही, असा नियम झाला.

इथं साडेतीन किलोंकडे यावं लागतं. बराच वेळ टाळलं.

दादा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. मधे दोन बहिणी. १९७६ पासून दहा वर्षं त्याने एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवरून, मांडवीला पतंग न उडवता वाचवलेल्या पैशांतून, एकेक करून वेताळ जमवले. पत्र्याच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवले. १९८७ साली तो मुंबईला नोकरीला गेला आणि जाताना ट्रंकेची किल्ली आईकडे देऊन गेला. आईने ती देवघरातल्या कोनाड्यात ठेवली. म्हणजे तशी सगळ्यांच्या हाताशीच.

१९९० च्या मे महिन्यात मी दहा वर्षांचा होतो. आळीतल्या टीममध्ये ज्याचा चेंडू त्याची पहिली बॅटिंग असा कायदा होता आणि माझ्याकडे चेंडू नव्हता. आई वाळवणं घालायला मागीलदारी होती. रद्दीवाला पुढल्या दारी होता. दोन रुपये किलो भाव. त्याने तागडी धरली, साडेतीन किलो भरले. सात रुपये आले. पाचांचा रबरी चेंडू आणि दोन बर्फाचे गोळे. चेंडू दुसऱ्याच षटकात शेजाऱ्यांच्या विहिरीत गेला. आजच्या भावाने तो चेंडू माझ्या दोन महिन्यांच्या पगाराचा होता.

गणपतीला दादा आला. आल्या आल्या हातपाय धुऊन ट्रंक उघडली. मी पडवीत मखराला कागद चिकटवत होतो. माझे हात खळीने भरलेले. दादाने आईला विचारलं. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "मी घातले रद्दीत. वाळवी लागली होती."

दादा काही बोलला नाही. त्या वर्षी त्याने मोदक पाचच खाल्ले. पुढे मात्र बोलत राहिला, लग्नात, बारशात, गावाहून कुणी आलं की, "आमच्या मातोश्रींनी माझा वेताळ दोन रुपये किलोने विकला." लोक हसत. आईही हसे. २०११ साली ती गेली तोपर्यंत तिने कधी मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही आणि मी सांगितला नाही. त्या रविवारी मी हिला का उठवलं नाही, ते आता लक्षात आलं असेल.

पुण्याच्या गृहस्थांकडे एक मराठी वेताळ जादा होता. मधला जोडकागद नसल्यामुळे त्यांच्या लेखी तो अंक मृत. नऊशे रुपयांत द्यायला तयार झाले. मी घेतला. तीन प्लास्टिकच्या पिशव्या आणि मागे पुठ्ठा घालून तो कुरियरने आला. "थेट हात लावू नका," अशी चिठ्ठी सोबत होती.

गेल्या गणपतीत दादा आणि वहिनी आले तेव्हा मी तो त्याच्या पुढ्यात ठेवला. दादा अठ्ठावन्नचा. त्याने चष्मा लावला, तिन्ही पिशव्या फाडल्या, कव्हर मागे दुमडून अंक एका हातात धरला, आम्ही नोटा मोजताना लावतो तशी जिभेला बोट लावून थुंकी घेतली आणि वाचायला लागला. पुण्याचे गृहस्थ हे दृश्य बघायला हवे होते. मधल्या पानापाशी मी थांबवणार, तोच तो म्हणाला, "इथं पानं नाहीत." आणि अंकावरून नजर न काढता, भाजी आणायला सांगावी तशा आवाजात, त्या चार पानांत काय आहे ते सांगू लागला. होडी कुणाची, रखवालदाराला वेताळ कुठल्या बाजूने धरतो, अंगठीची खूण कुठल्या गालावर उठते. मग पान उलटून पुढे वाचत राहिला. वीस मिनिटांत अंक संपला.

"ठीक आहे," म्हणाला. "तेव्हा यापेक्षा भारी वाटायचा. किती दिलेस?"

"पन्नास," मी म्हणालो.

"फसलास." मग चष्मा पुसत म्हणाला, "आईचं तरी काय चुकलं? वाळवी लागल्यावर ती काय करणार? मी उगाच इतकी वर्षं बोलत राहिलो तिला."

मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली, दादाने कप घेतला आणि वेताळाच्या कव्हरावर ठेवला.

पुढल्या आठवड्यात पुण्याहून फोन. दुपारी अडीचला. अंक कोरड्या जागी ठेवलाय ना? मी म्हटलं, दादा घेऊन गेला मुंबईला. लोकलमध्ये वाचायला. पलीकडून पुन्हा तो सुस्कारा आला.

हे रद्दीचं प्रकरण मी आज पहिल्यांदाच लिहितो आहे. दादा माझे लेख वाचत नाही. त्याला विनोदी आवडत नाही. वहिनी वाचते.